गुपित पानावर दिसतं कसं? (शाळकरी युरी मांगा, लपवलेलं प्रेम आणि २४ पानांचा हिशेब)

निळी_शाई
मंडळी, युरी मांगात, म्हणजे मुली-मुलींच्या प्रेमाच्या जपानी कॉमिकमध्ये, एक ठरलेला प्रकार आहे. एकाच शाळेतल्या दोघींचं जमलेलं आहे आणि वर्गात कुणाला पत्ता नाही. खलनायक नाही, असाध्य आजार नाही, कुणी मरत नाही. 'हाना नी आराशी'सारखी मालिका तर एवढ्याच भांडवलावर चालते.

प्रश्न असा, की या गोष्टी टिकतात कशाच्या जोरावर? "कुणाला कळलं तर?" हा प्रश्न दहा पानांत शिळा होतो. तरी चांगल्या मांगात दोनशे पानं सहज निघून जातात आणि फसलेल्या मांगात तिसऱ्या प्रकरणालाच जांभई येते.

माझं मत सांगते. गुपित कथानकात कमी आणि पानाच्या मांडणीत जास्त असतं. चौकटी कशा कापल्या, मजकूर फुग्यात ठेवला की बाहेर, पान कुठे उलटतं, यावर सगळा खेळ.

धागा कामाचा व्हावा म्हणून एक उदाहरण घेऊ. मराठीत २४ पानांची अशी छोटी कॉमिक करायची आहे. शाळा जपानचीच, पुस्तिका ए५, काळी-पांढरी, मधे पिना मारलेली. पानं कशी वाटायची? काय दाखवायचं, काय झाकायचं? जाणकारांनी लिहावं. "आमच्या वेळी चांदोबा होता" छापाचे प्रतिसादही चालतील, पण पान क्रमांकासकट.

चहाटळ
पयला! चांदोबा, पान ७, वेताळ पुन्हा झाडावर. झालं माझं. आता पॉपकॉर्न घेऊन बसतो.

तिसरा_बाक
मत पटलं, पण सगळ्यात मोठं हत्यार तुम्ही एका शब्दात उरकलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

शोजो मांगात, म्हणजे मुलींसाठीच्या मांगात, मजकुराच्या दोन जाती असतात. फुग्यातला मजकूर तोंडाने बोललेला, तो चौकटीतल्या सगळ्यांना ऐकू जातो. मोकळा मजकूर, म्हणजे फुग्याशिवाय पानावर तरंगणाऱ्या ओळी, फक्त वाचकाला. लपवाछपवीच्या गोष्टीला ही विभागणी आयतीच मिळते. फुग्यात "गणिताची वही आणलीस?" आणि त्याच चौकटीच्या कडेला मोकळ्या अक्षरांत "काल हाच हात धरला होता." वर्गाला वही दिसते, वाचकाला हात. वाचक कटात सामील झाला की अर्धं काम झालं.

बिघडतं कुठे? नवखे लोक मोकळा मजकूर दोघींनाही वाटून टाकतात. मग दोघींच्या मनातलं कळतं आणि ताण उरत नाही. मोरिनागा मिल्क यांच्या 'गर्ल फ्रेंड्स'मध्ये आधी मारीच्या मनातलं ऐकू येतं, पुढे बाजू बदलून आक्कोकडे जाते, पण त्यांच्या हाताशी पाच खंड होते. २४ पानांत एकीच्याच मनात बसा. दुसरीचं मन चेहऱ्यावरून, हातांवरून, वळण्यावरून कळू दे.

प्रमाण म्हणाल तर पानाला जास्तीत जास्त दोन मोकळ्या ओळी, आणि २४ पैकी निदान सहा पानांवर एकही नको. सतत बोलणारं मन म्हणजे क्रिकेटची कॉमेंट्री.

कोरा_कागद
पान उलटण्याचं गणित माझ्याकडून.

जपानी पुस्तक उजवीकडे बांधलेलं असतं, त्यामुळे पान १ डावीकडे येतं. मग २ उजवीकडे, ३ डावीकडे, आणि ३ संपलं की उलटायचं. आपल्याकडे १ उजवीकडे, २ डावीकडे, ३ उजवीकडे, आणि उलटायचं तेही ३ नंतरच. बाजू बदलते, आकडा बदलत नाही. विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत ओढ लावायची आणि सम पानाच्या पहिल्या चौकटीत द्यायचं. फक्त ती ओढ लावणारी चौकट जपानीत खाली डाव्या कोपऱ्यात असते, मराठीत खाली उजव्या.

सर्रास दिसणारी चूक म्हणजे मोठा क्षण विषम पानावर टाकणं. वाचक समोरचं सम पान वाचत असतानाच डोळ्याच्या कडेने तो क्षण पाहून घेतो. गुपित फुटलं, तेही लेखकाच्याच हातून.

आणि पिनांच्या पुस्तिकेत पानं चारच्या पटीत. २४ ला मधली जोडी १२-१३. तेवढीच एका अखंड कागदावर छापली जाते आणि सपाट उघडते. दोन पानांवर पसरणारं चित्र तिथेच टाका. इतरत्र दोन अर्धे वेगवेगळ्या कागदांवर जातात, घडी मिलिमीटरभर सरकली तरी धरलेले हात तुटलेले दिसतात.

चहाटळ
म्हणजे प्रेमात विघ्न आणायला समाज लागतच नाही, बाइंडर पुरेसा आहे.

आजोबा_२
निळीताई, थोडा इतिहास जोडतो, कारण "लपवणं" हे या साहित्याच्या मुळात नव्हतंच.

जपानमध्ये १८९९ च्या आदेशाने मुलींच्या उच्च शाळा प्रांतोप्रांती निघाल्या आणि त्या वसतिगृहांतून 'एस' नावाचं नातं रुजलं. थोरली आणि धाकटी, चिठ्ठ्या, फिती, फुलं. योशिया नोबुको यांच्या 'हाना मोनोगातारी'च्या कथा १९१६ पासून येऊ लागल्या आणि या भावविश्वाला भाषा मिळाली. हे नातं बरंचसं उघड असायचं. मोठी माणसं ते चालवून घेत, कारण शाळा संपली, लग्न झालं, की ते आपोआप संपणार असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. तिथे भीती "कुणी बघेल" याची नव्हती, "मार्च येईल", म्हणजे शाळेचं वर्ष संपेल, याची होती.

१९७१ साली यामागिशी र्योको यांची 'शिरोई हेया नो फुतारी' आली. पुष्कळ जण तिला पहिली युरी मांगा मानतात. तिथे फ्रान्समधलं वसतिगृह, अफवा, एकीने घाबरून निघून जाणं आणि दुसरीचा मृत्यू. कळलं की सर्वनाश, हा साचा पुढे बराच काळ चालला. 'युरी' हे नाव या अर्थाने आलं १९७६ मध्ये, 'बाराझोकु' या समलिंगी पुरुषांच्या मासिकाचे संपादक इतो बुंगाकु यांच्या सदरामुळे.

तुम्ही म्हणता ती हलकी, कुणी न मरणारी गोष्ट फार पुढची. 'युरी शिमाई' हे मासिक २००३ मध्ये निघालं आणि पाच अंकांत आटोपलं. त्याच्या जागी २००५ मध्ये 'कोमिक युरी हिमे' आलं, ते अजून चालू आहे. घर मिळालं तेव्हा गोष्टींना शेवटी कुणाला मारायची गरज उरली नाही.

शेवंतीची_वही
+१. शिवाय कोन्नो ओयुकी यांची 'मारिया-सामा गा मितेरू' (१९९८ पासून) तर उलटं टोक. तिथे थोरली धाकटीला सगळ्यांदेखत जपमाळ देते आणि शाळाभर बातमी होते. नातं जाहीर, भावना झाकलेली. निळीताईंच्या प्रकारात भावना दोघींना माहीत आणि नातं झाकलेलं.

मी_नाही_त्यातली
मला मूळ कल्पनेशीच भांडायचंय. २०२५ उजाडलं तरी "लपवणं गोड" हे आपण का चघळतोय? लपवायला लागणं ही अडचण आहे. तिला मखमली वेष्टन घातलं की वाचकाला वाटतं सगळं छान आहे.

तिसरा_बाक
@मी_नाही_त्यातली, आक्षेप रास्त आहे आणि चांगले मांगाकार तो टाळत नाहीत. शिमुरा ताकाको यांच्या 'आओई हाना'त फुमी आपल्या बालमैत्रिणीला, आकिराला, स्वतःबद्दल सांगते तो प्रसंग बघा. सांगायला तिला किती जड जातं ते झाकलेलं नाही. आकिराला सगळं लगेच समजत नाही, तरी ती जागची हलत नाही. नाकातानी नियो यांच्या 'यागाते किमी नी नारु'त शाळेतली शिक्षिका आणि कॅफेवाली असं एक प्रौढ जोडपं आहे. त्यांचं कुणी भाषण देत नाही. त्या नुसत्या आहेत, कॉफी ओततात, आणि तेवढ्याने मुलींसमोर पुढचं आयुष्य उभं राहतं.

२४ पानांत भाषणाला जागा नाही, पण अशी एक प्रौढ व्यक्ती दोन चौकटींत बसते.

आजोबा_२
आणि भीती काल्पनिक नाही हेही लक्षात असू द्या. टोकियोच्या शिबुया आणि सेतागाया वॉर्डांनी समलिंगी जोडप्यांना भागीदारीची नोंद दिली २०१५ मध्ये, पुऱ्या टोकियो महानगराने २०२२ मध्ये. तो विवाह नव्हे. शाळेतल्या मुलीला हे सगळं बातम्यांतून माहीत असणारच.

मी_नाही_त्यातली
कॉफी ओतणारं जोडपं मान्य. पण मग पात्रांनी लपवायचं कारण पानावर यायलाच हवं. "असंच" चालणार नाही.

गच्चीवरचा_कावळा
कारण छोटं असलं तरी चालतं, नेमकं मात्र हवं. एकीला वर्गात चिडवाचिडवीचा विषय व्हायचं नाही. दुसरीच्या क्लबमध्ये जोड्या जमल्या की कप्तान गट बदलते. एवढं पुरे.

आता जागा. मांगातल्या मुली डबा खायला गच्चीवर जातात, पण जपानच्या बहुतेक शाळांत गच्चीला कुलूप असतं. खरी जागा म्हणजे गच्चीच्या बंद दारासमोरचा जिन्याचा शेवटचा टप्पा. कुणी वर येत नाही, पावलांचा आवाज आधी ऐकू येतो. वाचकालाही तो ऐकू यावा म्हणून रिकाम्या जिन्याची एक आडवी चौकट आणि तिच्यात फक्त ध्वनिशब्द. चेहरा नाही दाखवायचा. येणारी बाई की मैत्रीण, ते पान उलटल्यावर.

दुसरी जागा चपलांचे कप्पे. तिथे रोज दोनदा सगळ्यांनाच जावं लागतं, म्हणजे रेंगाळायला निमित्त. चिठ्ठीही तिथेच, पण ती युक्ती आता फार वापरून झाली आहे. तिसरी, 'निच्चोकु' म्हणजे दिवसाची पाळी. पुष्कळ शाळांत दोघांची जोडी असते. फळा पुसायचा आणि वर्गाची रोजनिशी लिहायची. दोघींची पाळी एकत्र आली तर तास संपल्यावर रिकाम्या वर्गात थांबायला अधिकृत परवानाच. आणि ती रोजनिशी बाई वाचतात! "आज विशेष काही घडले नाही" हे वाक्य एकीने लिहिताना दुसरीचा चेहरा दाखवा. एका चौकटीत विनोद, गुपित आणि प्रेम तिन्ही.

वेळापत्रकही नीट ठेवा. शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू, उन्हाळी सुट्टी जुलैअखेरपासून ऑगस्टभर, गणवेश बदलतो १ जून आणि १ ऑक्टोबरला. सप्टेंबरात पूर्ण बाह्यांचा कोट काढला की जाणकार वाचक तिथेच अडखळतो.

चहाटळ
कावळेबुवा, आपण साताऱ्यातली शाळा घेतली तर? जिना आहे, गच्ची आहे, कुलूपही आहे.

गच्चीवरचा_कावळा
मग चपलांचे कप्पे गेले, निच्चोकु गेली, क्लब गेले. आली शिकवणी, सायकल स्टँड आणि कुणाची तरी मावशी प्रत्येक चौकात. ती वेगळी गोष्ट होईल. चांगली होईल, पण धागा वेगळा काढा.

शेवंतीची_वही
एक मोठी मेख कुणी सांगितली नाही अजून. दोन मुली हातात हात घालून फिरल्या तर जपानमध्येही कुणी वळून बघत नाही. १४ फेब्रुवारीला मुली मैत्रिणींना चॉकलेट देतातच, 'तोमो-चोको' म्हणतात. म्हणजे मुलगा-मुलगीच्या गोष्टीत जे पुरावे असतात ते इथे पुरावेच ठरत नाहीत. सगळ्यांसमोर हात धरला तरी गुपित शाबूत.

म्हणून झाकायचा असतो तो अर्थ, आणि तो फरकातून दाखवावा लागतो. नायिका दहा जणींना सारख्या पुड्या वाटते, अकरावीची गाठ वेगळी. वर्गात सगळ्यांदेखत गळ्यात पडणारी मुलगी जिन्यावर दोघीच असताना हातभर लांब बसते. लाज एकांतात वाढते. हे उलटं वागणं दोनदा दाखवलं की तिसऱ्यांदा नुसतं अंतर पुरतं.

हाकेचंही तसंच. वर्गात आडनाव आणि 'सान' हा आदरार्थी प्रत्यय, दोघीच असल्या की नुसतं नाव. ती हाक घसरते कुठे, हा २४ पानांतला एक पूर्ण प्रसंग. मराठी अक्षरांत 'सान' तसाच ठेवा, वाचक दोन पानांत सरावतो.

गोडवा किती, असं कुणी विचारायच्या आत सांगते. पात्रं शाळकरी आहेत. हात, एकच छत्री, खांद्यावर डुलकी. या प्रकाराची कमाल तीच आणि ताकदही तिथेच.

निळी_शाई
"लाज एकांतात वाढते" हे चोरणार आहे.

साक्षीदारांचं काय करायचं? बऱ्याच कॉमिकमध्ये दोन नायिका सोडून वर्गच नसतो. मागे नुसते बिनडोळ्यांचे ठोकळे.

तिसरा_बाक
तेच मुख्य दुखणं. बघणारं कुणी नसेल तर लपवता कुणापासून? निदान तिघींना चेहरा, केशरचना आणि नाव द्या. एक जिच्या लक्षात येईल अशी, एक जी पसरवेल अशी, आणि एक जिला फरक पडत नाही अशी. चाळीसच्या वर्गात बाकीचे ठोकळे चालतात.

'यागाते'तला माकी आठवा. तो त्या दोघींना नकळत पाहतो आणि कुणाला सांगत नाही, कारण स्वतःला तो दुसऱ्यांच्या प्रेमाचा प्रेक्षक समजतो. वाचकाला वाटतं आता धमकी येणार. येत नाही. पुढे तो चौकटीत दिसला की आपण पुन्हा सावध होतो. गुपित कळलेला पण गप्प माणूस, हे न फुटलेल्या गुपितापेक्षा जास्त पानं चालतं. 'कासे-सान' या युरी मालिकेत नायिका यामादाची मैत्रीण मिकावाही तशीच. तिला कळतं, जग बुडत नाही, आणि नंतर विनोदाची अर्धी जबाबदारी तीच उचलते.

पायरीवर_बसलेली
या 'कासे-सान'चा क्रम कुणी सांगेल का? दुकानात पाच वेगवेगळ्या नावांचे खंड दिसतात, आकडे नाहीत.

शेवंतीची_वही
ताकाशिमा हिरोमी. आसागाओ (मॉर्निंग ग्लोरी), मग बेन्तो, शॉर्टकेक, एप्रन, साकुरा, या क्रमाने. ही शाळेची वर्षं. त्यापुढे 'यामादा तो कासे-सान' नावाने कॉलेजची मालिका, तिचे खंड पुन्हा एकपासून. इंग्रजीत प्रकाशक सेव्हन सीज. २०१८ ची ॲनिमे एकच आहे, सुमारे तासाभराची. शाळेच्या भागाचाच सारांश म्हणावा अशी, त्यामुळे आधी बघितली तर पुस्तकातला शेवट कळतो. आधी पुस्तकं.

यामादा शाळेच्या बागेचं काम बघते आणि कासे धावपटू. एकीचं काम एका जागी, दुसरीचं पळण्याचं. भेटी मैदानाच्या कडेला. निमित्त आयतं.

पायरीवर_बसलेली
धन्यवाद! अवांतर: त्या आसागाओच्या वेलीच्या बिया इकडे रुजतात का? उगीच विचारतेय.

आजोबा_२
रुजतात. जपानी आसागाओ म्हणजे आपल्या आयुर्वेदातला काळादाणा. तिकडेही चीनमधून आधी औषध म्हणूनच गेला, शोभेसाठी नंतर. बीचं कवच कडक असतं. डोळ्याच्या विरुद्ध बाजूला कानशीने किंचित घासा, रात्रभर पाण्यात ठेवा, फुगलेलंच बी एक-दीड सेंटिमीटर खोल लावा. मातीचं तापमान २० ते २५ अंश. घासलं नाही तर थोडीच उगवतात आणि लोक दुकानदाराला शिव्या देतात. अजून एक, हे लहान दिवसांचं झाड आहे. रात्रभर रस्त्याचा दिवा अंगावर पडला तर वेल माजते आणि कळ्या धरत नाही.

जपानमध्ये पहिलीतली मुलं हीच वेल कुंडीत लावून सुट्टीत नोंदी ठेवतात, म्हणून शीर्षकातलं फूल तिकडच्या वाचकाला थेट बालपणात नेतं. टोकियोत इरियाला दरवर्षी ६ ते ८ जुलै या वेलीची जत्रा भरते.

चहाटळ
धागा युरीवरून गच्चीवर, गच्चीवरून कुंडीत. आता कुणीतरी खताचं प्रमाण विचारा म्हणजे मी घरी जातो.

कामाकुरा_लोकल
खत नको, रेल्वे घ्या. 'आओई हाना' कामाकुरात घडते आणि एनोदेन लाइन जवळपास पात्रच आहे. फुजिसावा ते कामाकुरा, १० किमी, १५ स्थानकं. आकिरा आणि फुमी वेगवेगळ्या शाळांत, त्यामुळे भेट गाडीत. दोन शाळा घेतल्या की गुपिताचं ओझं निम्मं होतं, आणि गाडीतल्या पंधरा-वीस मिनिटांना आपोआप मोल येतं. ॲनिमेतल्या फुजिगाया शाळेच्या इमारतीचं मूळ कामाकुराचं साहित्य संग्रहालय, पूर्वी माएदा घराण्याचा बंगला. रेखाटनासाठी त्याचे बाहेरचे फोटो भरपूर मिळतात.

बोरूबहाद्दर
सगळे गोष्टीवर बोलतायत, अक्षरांवर कुणीच नाही. मराठी कॉमिक तिथेच मरते.

जपानी मजकूर उभा, म्हणून फुगे उंच आणि अरुंद. त्यांची नक्कल करून त्यात देवनागरी कोंबली की ओळीला एक शब्द आणि "विद्यार्थिनींच्या"ला जागाच नाही. मराठी फुगा आडवा काढा, रुंदी-उंची साधारण ३:२. फुग्यात बारा-पंधरा शब्द, तीन-चार ओळी, त्याहून जास्त असेल तर दोन फुगे. शब्द ओळीअखेर तोडू नका. चित्र काढायच्या आधी अक्षरं टाइप करून फुगे मांडा, मग डोकी. उलट क्रमाने केलं की फुगा नेमका धरलेल्या हातांवर येतो.

ए५ ला ९ ते १० पॉइंट, ओळींतलं अंतर १३० ते १४० टक्के. त्याखाली गेलात तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. तिसरा_बाक म्हणतात त्या दोन जातींसाठी दोन टंक घ्या. फुग्याला मुंबईच्या 'एक टाइप' या टंकसंस्थेचे बालू किंवा मुक्ता, मोकळ्या ओळींना हस्ताक्षरासारखा कलम. तिन्ही फुकट. तिसरा टंक ध्वनिशब्दांनाही नको, ते हातानेच काढा. काढताना शिरोरेघ जरा तुटू द्या, वेग येतो.

काही चित्रांच्या सॉफ्टवेअरांत जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. फोटोशॉपमध्ये परिच्छेदाच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. नाहीतर अक्षरं इंकस्केपमध्ये करून चित्रावर आणा.

कोरा_कागद
बोरूशेठ, दंडवत. टोनबद्दल, म्हणजे करड्या छटेसाठी लावायच्या ठिपक्यांच्या जाळीबद्दल, मी भर घालतो.

जपानी हौशी मांगाचा ठरलेला आकार बी५, १८२ × २५७ मिमी. त्यांच्या सूचना वाचून इंचाला ६० ओळींचा टोन लावला आणि नंतर ए५ ला लहान केलं, म्हणजे साधारण ८१ टक्के, तर टोन होतो ७४ ओळींचा. झेरॉक्सवर तो भरून काळा पडतो. गालावरची लाली डागासारखी दिसते. म्हणून पान सुरुवातीपासून ए५ च्या मापावर मांडा, ६०० डीपीआय, कडेला ३ मिमी जादा, आणि टोन सगळ्यात शेवटी. ५० ओळी, १० ते २० टक्के. आधी टोन, मग आकार बदलणं, या क्रमाने मोआरेच्या, म्हणजे ठिपक्यांतून उमटणाऱ्या नको त्या नक्षीच्या, लाटा हमखास.

या प्रकारात टोन कमीच हवा. वर्गाच्या चौकटी भरलेल्या, दोघींच्या चौकटी मोकळ्या. जिन्यावरचं एखादं चित्र चौकटीची रेघ न मारता कागदाच्या कडेपर्यंत जाऊ द्या. रेघ नसली की तिथे वेळ थांबल्यासारखा वाटतो. २४ पानांत असं दोनदाच.

निळी_शाई
आतापर्यंतचं सगळं धरून कच्चा आराखडा मांडते, फाडा.

पान १ शाळेचं फाटक, मोठी चौकट. २ ते ५ वर्ग, दोघी लांब बसलेल्या, मोकळ्या ओळी नाहीत, फक्त दोन बारीक खुणा. ५ च्या शेवटी रिकामा जिना. ६ उलटताच दोघी हात धरून, वाचकाला इथे कळतं. ७ ते ११ गुपिताचे नियम आणि गंमत, रोजनिशीचा विनोद इथे. १२-१३ पावसात एक छत्री, पसरलेलं चित्र, आणि १३ च्या कोपऱ्यात तिसरीची छत्री. १४ ते १९ घाबरून जास्तच अंतर, आणि सगळ्यांसमोर एकीचं "ती होय? वर्गात आहे नुसती." २० समजूत. २१ ला वर्गात हाक मारायला उघडलेलं तोंड. २२ ला ती हाक. २३-२४ शेपूट.

मी_नाही_त्यातली
पान ६ पर्यंत वाचकापासून लपवणं चूक. मग वाचक लेखिकेवर संशय घेतो, वर्गावर नाही. 'हाना नी आराशी'त पहिल्यापासून माहीत असतं, म्हणूनच वर्गातली प्रत्येक फालतू चौकट भरलेली वाटते. पान १ लाच सांगा.

तिसरा_बाक
अर्धा सहमत. पान १ ला सांगितलं तर उलटण्याचा पहिला फायदा वाया. पान २ ला सांगा. १ वर फाटकातून वेगवेगळ्या शिरणाऱ्या दोघी, २ ची पहिली चौकट पाच मिनिटं आधीची, कोपऱ्यावर हात सोडताना. मग २ ते ५ वाचक कटात सामील. तिथे मोकळ्या ओळी येऊ देत. त्या नाहीत असं तुम्ही लिहिलंय, पण गरज तिथेच आहे.

गच्चीवरचा_कावळा
१४ ते १९ लांबलंय. "वर्गात आहे नुसती" हे वाक्य १५ च्या शेवटी आणा, १६ ला ऐकणारीचा चेहरा, तोही पाठमोरा. समजूत १८ ला. वाचलेली दोन पानं छत्रीवालीला द्या. तिने काय पाहिलं आणि ती काय करणार नाही, ते एका प्रसंगात. आत्ता ती कोपऱ्यातून आली आणि गायब.

शेवंतीची_वही
२२ च्या हाकेला वर्गाची प्रतिक्रिया काय? माझं मत, काहीच नाही. एकजण मान वर करतो, पुन्हा वहीत घालतो. दोघींना भूकंप, वर्गाला दुपार.

मी_नाही_त्यातली
हे मात्र मला पटलं. आणि छत्रीवाली तेवढ्यात हळूच खिडकी लावून घेते, काहीही न बोलता.

चहाटळ
आम्ही इथे विनोद करायला येतो आणि तुम्ही खिडक्या लावता. हलके घ्या. पुढील लेखनास शुभेच्छा.

पायरीवर_बसलेली
शंका: २४ मध्ये मुखपृष्ठ धरलंय की वेगळं? जपानी छापखान्यांच्या तक्त्यात आतलं पहिलं पान ३ लिहिलेलं दिसतं.

कोरा_कागद
तिकडे हौशी पुस्तिकांत मुखपृष्ठाची बाहेरची आणि आतली बाजू १ आणि २ धरतात, म्हणून गोष्ट ३ पासून. दोनच आकडे सरकतात, त्यामुळे सम-विषमाचा नियम तसाच राहतो. मुखपृष्ठ धरून २४ असतील तर गोष्टीला २० पानं उरतात आणि मधली जोडी १२-१३ च. मुखपृष्ठ वेगळं, आत २४, तर त्यांच्या मोजणीत एकूण २८ आणि मधली जोडी १४-१५, जी आपल्या आतल्या क्रमांकाने पुन्हा १२-१३. निळीताईंचा आराखडा दुसऱ्या पद्धतीचा आहे. छापखान्यात देताना फायलींना आतल्या क्रमांकाचीच नावं द्या, ०१ ते २४, आणि मुखपृष्ठाची फाइल वेगळी. बांधणी डावीकडे हेही लेखी द्या. मांगासारखी चित्रं बघून काही छापणारे आपणहून उजवीकडे बांधून मोकळे होतात.